पठारावर ठेवलेली वीज

झुंबरबाई सरपंच झाली तेव्हा कोंढरवाडीतल्या पुरुषांनी मनाशी धरलंच होतं, की सही तिची आणि कारभार कुशाबाचा. कुशाबा म्हणजे तिचा नवरा. स्वभावानं गरीब माणूस. हिरडा गोळा करावा, भाताची खाचरं सांभाळावीत आणि सांजच्याला मारुतीच्या पारावर दोन घटका टेकावं, एवढीच त्याची हौस. पहिल्या बैठकीला ग्रामसेवकानं कागद त्याच्यापुढं सरकवला, तर त्यानं तो तसाच बायकोकडं ढकलला.

"मला काय इचारता? घरात बी तिलाच इचारून चालतंय."

सगळी बैठक हसली. पण त्या दिवसापासून कागद झुंबरबाईकडंच जायला लागले, आणि ते कागद घेऊन ती घोडेगावला, मंचरला, वेळ पडली तर पुण्याला खेटे घालायला लागली. शाळेची गळकी कौलं बदलून आणली. वाडीपर्यंत विजेचे खांब आणले. खांब आले, तारा आल्या, वीज मात्र तिच्या मर्जीनं यायची. ती लोडशेडिंगची वर्षं होती. माणसं झोपली की दिवे लागायचे आणि सैपाकाच्या वेळेला बरोबर जायचे. गिरणीवाला भागू वैतागून म्हणायचा, "आता घुबडांचंच दळण घ्यावं लागंल राव!"

२००३ सालच्या दिवाळीनंतर वाडीत एक जीप आली. तिच्यातून उतरली उज्ज्वला. जुन्नर तालुक्यातल्या पिंपळवंडीच्या बागायतदार घरातली ही मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकवत होती. वीज जास्त वेळ साठवून ठेवायच्या नव्या पद्धती कुणी शोधत असेल, तर केंद्र सरकार त्याला मदत करत होतं. उज्ज्वलाची योजना दिल्लीला मंजूर झाली होती. आता तिला एक डोंगर हवा होता आणि त्याच्या अंगावर वसलेलं एक गाव.

ग्रामसभेत तिनं सरळ मराठीत सांगितलं, "वीज काही कणगीत भरून ठेवता येत नाही. बॅटरी ठेवली तर दोन-चार तास पुरते आणि थोड्या वर्षांत मरते. मला दोन-दोन दिवस पुरेल अशी वीज ठेवायची आहे. म्हणून मी वीज ठेवणारच नाही, पाणी ठेवणार. तुमच्या पठारावर एक तळं करायचं, खाली ओढ्याला दुसरं. अवेळी वीज आली की पंपानं खालचं पाणी वर चढवायचं. आणि तुम्हाला हवी तेव्हा तेच पाणी पाइपातून खाली सोडायचं. त्याच्या जोरावर चाक फिरेल, चाकावर जनरेटर. पाणी वर आहे, म्हणजे तुमची वीज वर ठेवलेली आहे."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणाला पटल्यासारखं दिसत होतं, कुणाला हसू येत होतं. तेवढ्यात मागून गेणभाऊ उठला.

गेणभाऊ झुंबरबाईच्या माहेरचा. ते माहेर आता नकाशावर नव्हतं. धरण झालं, पाणी चढत आलं आणि गाव बुडालं. काही घरं लांब पुनर्वसनाला गेली. गेणभाऊसारखी दोन-तीन घरं कुठं न जाता डोंगरावर सरकत सरकत कोंढरवाडीच्या शेजाराला येऊन राहिली. तेव्हापासून हा म्हातारा धरणामागं पसरलेल्या फुगवट्याच्या पाण्यावर कधी उतरला नव्हता. जनावरंसुद्धा तिकडं पाजायला नेत नसे.

"मागं बी जीपच आल्ती," तो म्हणाला. "आसाच नकाशा पसरला व्हता. लाइट यील, पाणी यील, पोरांचं भलं व्हईल. लाइट कुटं गेली मला ठावं न्हाई. पाणी आलं, त्ये आमच्या उंबऱ्यावरनं आलं. झुंबर, तुजा बा त्या दिशी कसा निगाला व्हता, इसरलीस?"

उज्ज्वलाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. झुंबरबाईला बाप आठवला. घराच्या मेढीचं, मधल्या खांबाचं, लाकूड खांद्यावर घेऊन, मागं न बघता चढण चढणारा. ती उठली.

"इसरले न्हाई काका. म्हनूनच इचारनार हाये. मॅडम, जमीन कुनाची ऱ्हानार?"

"गावाची. आम्हाला फक्त वापरायला."

"आसं लिवून द्यायचं. दुसरं, तुमचं चाक फिरलं तर पैली लाइट कुनाला? तुमच्या शेडला का आमच्या घरांना?"

उज्ज्वलानं हातातला कागद उलटून बघितला. "प्रयोगात घरं धरलेली नाहीत. नुसती मोजणी आहे."

"मंग धरा. समद्या घरांना. गिरनीला बी. आन् उद्या तुमचं सरकार म्हनलं, बास झालं, तर तळं बुजवायचं न्हाई. त्ये आमचं."

"मला दिल्लीला विचारावं लागेल."

"इचारा की. आमी कुटं चाललोय? हितंच हाये."

गेणभाऊ पुटपुटत खाली बसला. उज्ज्वला गेली तेव्हा निम्म्या वाडीला वाटलं, ही काही आता येत नाही. पण ती आली. तिन्ही अटी मान्य करून आली. जीपमधून उतरल्या उतरल्या तिनं झुंबरबाईचे हात धरले. "ताई, घरांना वीज द्यायची म्हटल्यावर तिथले लोक उलट खूश झाले. म्हणाले, प्रयोग खऱ्या घरांवरच व्हायला हवा."

"मंग आदीच का न्हाई घातली घरं?" झुंबरबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

पुढच्या उन्हाळ्यात तळी खणली गेली. वाडीतल्याच माणसांना काम मिळालं. वरच्या तळ्याला जाड काळं प्लॅस्टिक अंथरलं, भोवती कुंपण घालून फाटकाला कुलूप लावलं. पठारावरून काळा पाइप वाडीच्या अंगणाजवळून खाली ओढ्याकडं गेला. पावसानं दोन्ही तळी काठोकाठ भरली आणि भाद्रपदात एका संध्याकाळी, सगळ्या पंचक्रोशीत अंधार असताना, कोंढरवाडीत दिवे लागले. चाकाचा घुमणारा आवाज खालून वर येत होता. पलीकडच्या डोंगरावरच्या पाड्यातली माणसं दुसऱ्या दिवशी खास बघायला आली. सरूबाई नावाची झुंबरबाईची शेजारीण, जिला गावातलं एकही काम कधी धड झालेलं दिसत नसे, तीसुद्धा दिव्याखाली नाचणीची भाकरी थापत म्हणाली, "बरं हाये की!"

दोन वर्षं चांगली गेली. पोरं संध्याकाळी शाळेच्या वर्गात बसून अभ्यास करायला लागली. भागूची गिरणी दिवसाउजेडी चालायला लागली. काही घरांत टीव्ही आले, आणि तो बघून बघून झुंबरबाईला मोडकंतोडकं हिंदी यायला लागलं. उज्ज्वला महिन्यातून दोनदा तरी यायची, झुंबरबाईकडंच उतरायची. मॅडमची आता उज्ज्वला झाली होती. रागावली की झुंबरबाई तिला पोरी म्हणायची.

तिसऱ्या वर्षी मात्र पाऊस लवकर उघडला. या डोंगराचं असंच आहे. पावसाळ्यात पाणी ठेवायला जागा नाही आणि उन्हाळ्यात घोटभर मिळत नाही. होळी झाली तशी वाडीचा झरा बारीक झाला. चैत्रात आटला. पायथ्याचं धरणाचं पाणी त्याहून लांब आणि खड्या चढणीचं, म्हणून बायका डोंगराच्या पार पलीकडच्या झऱ्याला हंडे घेऊन जायला लागल्या. ओढाही आटला. दोन तळ्यांत होतं तेवढंच पाणी खाली-वर फिरत होतं, आणि ऊन-वारा त्यातलंही रोज चाटून नेत होता.

नेमकं त्याच वैशाखात सरकारी मदतीची मुदत संपत होती. समिती येणार होती. उज्ज्वलाला त्यांच्यासमोर दोन दिवस सलग वाडी चालवून दाखवायची होती, बाहेरची वीज पूर्ण तोडून. दाखवता आलं तर पुढची मदत, नाहीतर इथंच पूर्णविराम. वरचं तळं त्या चाचणीसाठी तिनं जपून भरून ठेवलं होतं.

चाचणीला आठवडा राहिला असताना एका सकाळी सरूबाई वीस-पंचवीस बायका घेऊन पठारावर चढली. सगळ्यांच्या डोक्यावर रिकामे हंडे. उज्ज्वला फाटकापाशीच होती. कुणीतरी खाली धावत जाऊन झुंबरबाईला बोलावून आणलं.

"सरपंचीनबाई," सरूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वर तळं भरून वाहतंय आन् माजी सून पोटुशी हाये, ती आर्धा डोंगर वलांडून पाणी आनतीया. ह्ये कुटलं शानपन? लाइट काय प्यायची हाये का?"

"मावशी, फक्त आठ दिवस थांबा," उज्ज्वला कळवळून म्हणाली. "चाचणी झाली की सगळं तळं तुमचं. मी टँकरसाठी अर्ज केलाय."

"टँकर ह्या चढनीला चढत न्हाई. तीनदा सांगून झालं."

सगळ्या झुंबरबाईकडं बघत होत्या. तिनं तळ्याकडं बघितलं. स्वच्छ, निळं पाणी, वाऱ्यानं हलणारं. तिला उज्ज्वलाची तीन वर्षं दिसत होती. पावसात चिखल तुडवणारी, तापात फणफणत असताना पाइपाचे जोड तपासणारी. ती सरूबाईच्या सुनेकडंही बघत होती. ती पोर दगडावर टेकली होती आणि तिला नीट श्वाससुद्धा घेता येत नव्हता.

झुंबरबाईनं कनवटीची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

"ताई!" उज्ज्वला ओरडली. "हे पाणी गेलं तर वीज दोन दिवस पुरणार नाही. सगळं बंद होईल. ताई, तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय," झुंबरबाई म्हणाली. "तहानलेल्या बाईला कुलूप दाकवून लाइट लावली, तर ती लाइट माज्या घरात नगं. तू रागाव माज्यावर. समितीला मी सांगंन."

बायकांनी हंडे भरले. त्या दिवशी भरले आणि रोज भरले, गुरांनाही पाजलं. उज्ज्वला त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी उठून तिनं चाकाला तेल घातलं, जोड तपासले आणि गुमान कामाला लागली. झुंबरबाईशी ती कामापुरतं बोलत होती. झुंबरबाईनं तिची मनधरणी केली नाही. फक्त भाकरीवर लोणी जरा जास्त वाढत राहिली.

समिती आली. चौघेजण होते. त्यांचे प्रमुख पांढऱ्या मिशांचे एक वयस्कर शास्त्रज्ञ होते, हिंदी बोलणारे. बाहेरची वीज तोडली आणि चाक सुरू झालं. पहिला दिवस दिमाखात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे भागूच्या गिरणीत उभे होते, नाचणीचं दळण चालू होतं आणि गिरणीचा आवाज खाली खाली यायला लागला. पट्टा मंदावला. दिवा लाल होत होत विझला. गिरणीच्या तोंडातून शेवटचं चिमूटभर पीठ पडलं आणि गिरणी थांबली.

उज्ज्वला खाली मान घालून उभी होती. समितीतला एक तरुण अधिकारी कागदावर काहीतरी लिहायला लागला.

झुंबरबाई पदर खोचून पुढं झाली. "साब," तिनं टीव्हीवरचं सगळं हिंदी गोळा केलं, "पानी कम नहीं पड्या. पानी हमने लिया. बायका लोगों ने. कुलूप मैंने खोला."

प्रमुखांच्या मिशा हलल्या. "बोलिए, मराठी में बोलिए. समझता हूँ. नागपुर में नौकरी की है."

"मंग बरं झालं," झुंबरबाई म्हणाली आणि तिची भाषा मोकळी झाली. "साहेब, ह्या पोरीचं चाक खोटं न्हाई. जेवडं पाणी दिलं तेवडी लाइट दिली, वर एक थेंब वाया न्हाई घालवला. दोन उनाळं आमी ह्याच लाइटीवर काडलं. पन ह्या साली झरा आटला. पियाला न्हवतं. तुमी चाचनी घ्याय येनार म्हनून बाया तहानल्या ठिवायच्या, ह्ये मला जमलं न्हाई. तुमाला जमलं आसतं का?"

तरुण अधिकारी म्हणाला, "पण कागदावर प्रयोग अयशस्वीच लिहावा लागेल."

प्रमुख त्याच्याकडं वळले आणि हिंदीतच म्हणाले, की जे नक्की यशस्वी होणार असतं त्याला बँक पैसे देते. सरकार पैसे देतं ते कुठं अडतं हे कळावं म्हणून. मग त्यांनी उज्ज्वलाला विचारलं, "कहाँ अटका?"

उज्ज्वलानं मान वर केली. आठवडाभरात पहिल्यांदाच तिनं झुंबरबाईकडं सरळ बघितलं. "पाण्यात अडलं, सर. चाक, पाइप, पंप, सगळं माझ्या अंदाजापेक्षा चांगलं चाललं. पण मी तळ्यात फक्त वीज मोजत होते. गावात उन्हाळा असतो आणि माणसं पाणी पितात, हे आराखड्यात नव्हतंच. ते धरायला हवं. पाणी आणखी हवं, आणि न आटणारं हवं."

"त्ये पाणी हाये," झुंबरबाई म्हणाली. तिनं गिरणीच्या दारातून खाली बोट दाखवलं. डोंगराच्या पायथ्याशी धरणाचा फुगवटा उन्हात चकाकत होता. "वैशाखात बी हाये. आमचं गाव गिळून बसलंय. खालचं तळं कशाला पायजे? त्योच खालचं तळं. तितनं वर घ्या, तितंच परत सोडा. धरनाचं काय कमी व्हनार? आमी पियापुरतं वाटंत घिऊ."

"वह पानी दूसरे विभाग का है," प्रमुख म्हणाले.

"सरकार एकच हाये ना साहेब? का जमीन घेताना एक आन् पाणी देताना दुसरं?"

मिशांखाली हसू फुटलं. शिफारस करतो म्हणाले, आणि केली. मुदत आणखी दोन वर्षांनी वाढली. पाण्याच्या परवानगीसाठी मात्र झुंबरबाईला आणि उज्ज्वलाला जोडीनं इतक्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, की मंचरच्या एसटी स्टँडवरचा चहावाला न सांगता दोन कप पुढं करायला लागला. एका साहेबानं विचारलं, बाई, तुमचा या पाण्यावर हक्क काय? झुंबरबाई म्हणाली, "माजं न्हानपन हाये त्याच्या खाली." सही मिळाली.

पंपाचा तराफा कुठं बांधायचा, हे ठरवायला होडीतून फिरावं लागणार होतं. उन्हाळ्यात पाणी पार उतरलं तरी जिथं खोल राहील अशी जागा हवी होती. झुंबरबाई गेणभाऊच्या दारात गेली.

"काका, आपल्या नदीचा डोह नेमका कुटं व्हता? माजं लगीन झालं तवा मी पोर व्हते. मला अंदाज येत न्हाई. तुमी चला."

"मी त्या पाण्यावर पाय ठिवनार न्हाई, सांगून ठिवतो."

"नका ठिवू. होडीत ठिवा."

म्हातारा काठी घेऊन उठला. होडीत तो दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून बसला होता. उज्ज्वला पुढं, झुंबरबाई त्याच्याशेजारी. थोडं अंतर गेल्यावर तो आपणहून बोलायला लागला. "ह्ये आपलं वरलं शेत. हितं चिंच व्हती. ह्यो धोंडाबाईचा गुरांचा वाडगा... आता देऊळ यील." त्याचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. झुंबरबाईच्या डोळ्यांना धार लागली होती आणि तिनं ती पुसली नाही. एका ठिकाणी गेणभाऊनं होडी थांबवायला लावली. पाण्यात हात बुडवला, वर काढला, तोंडावरून फिरवला.

"हितं," तो म्हणाला. "ह्यो डोह मी कदी आटलेला बगितला न्हाई. पाणी काडा हितनं. आपलंच हाये."

त्या हिवाळ्यात तराफा बसला. नवा पाइप डोंगर चढून पठारावर गेला, आणि वाटेत वाडीच्या मध्यावर पिण्याच्या पाण्याची टाकी आणि नळ. पुढच्या वैशाखात पुन्हा चाचणी झाली. बाहेरची वीज तोडली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. गिरणी दळत होती, नळाला बायका पाणी भरत होत्या, सरूबाई नातवाला मांडीवर घेऊन नळाची तोटी गळते अशी तक्रार करत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रमुख शास्त्रज्ञ पठारावर गेले. तळ्यात अजून पुरुषभर पाणी होतं. त्यांनी मोजायची काठी उज्ज्वलाच्या हातात दिली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. उज्ज्वला तिथंच, सगळ्यांसमोर, रडली. मग रडता रडता हसायला लागली.

झुंबरबाई खाली होती. तिची सरपंचकीची दुसरी मुदत संपत आली होती आणि जुन्नरच्या डोंगरातल्या एका गावची माणसं तिला न्यायला आली होती. त्यांच्याकडंही तसंच तळं करायचं चाललं होतं. सरकारनं आता अशा आणखी गावांना मदत द्यायचं ठरवलं होतं, आणि त्यांच्याकडं नकाशा पोचला होता.

"ताई, आमची मानसं घाबरत्यात," त्यांच्यातला एकजण म्हणाला. "तुमी येऊन सांगा, घाबरायचं कारन न्हाई."

"आसं मी सांगनार न्हाई," झुंबरबाई चपला घालत म्हणाली. "मी म्हनंन, घाबरा, आन् मंग एकेक गोष्ट इचारून घ्या. चला, येष्टी चुकंल."